शांततेचा खेळ

ट्रेनिंगच्या वहीत लिहिलंय, खोली शांत असावी.
वही पुण्याची. खोली साखर पेठेतली,
आणि भिंतीपलीकडे बोल्लींचे आठ माग,
टॉवेलचे, सकाळी सातपासून
खटक खटाक, खटक खटाक.
गुलाबी मनोऱ्याचा वरचा ठोकळा
आपोआप सरकत सरकत पडतो
आणि सृष्टी कोनापुरे माझ्याकडे बघते,
म्हणजे, मी नाही पाडला बाई.

शनिवारी शांततेचा खेळ.
हात मांडीवर, डोळे मिटून ऐकायचं.
मी दाराआडून एकेक नाव कुजबुजते,
ज्याचं येईल त्यानं पाय न वाजवता यायचं.
आमच्याकडे कुजबुज जरा ओरडूनच करावी लागते.
तरी येतात.
अफान तर चवड्यांवर, हात पसरून,
खाली दरी असल्यासारखा.
काय ऐकलंस? विचारलं की सांगतात,
पंखा. कावळा. महादेवीमावशीच्या बांगड्या.
माग आजवर कुणीच सांगितलेला नाही.

मणिकंठ चिलवेरी, वय साडेतीन.
जूनपासून इथे एक शब्द नाही.
घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, आणि मग मी.
त्याचं आवडतं काम, पाणी ओतणं:
या जगातून त्या जगात,
जीभ बाहेर काढून, धार न तुटता.
नळाला पाणी नसेल त्या दिवशी तूरडाळ.
डाळ तो नाइलाजानं ओततो.

दट्टापेटीतला एक दट्टा दिवाळीत हरवला.
एक दिवस त्या भोकात
यानं खिशातली रिकामी कांडी बसवली.
सैल बसते, डुगडुगते.
मी काढली नाही.

त्याची आई विड्यांचं सूप काखेत घेऊन दारात उभी राहते.
लिहितो का?
अजून नाही.
मग दिवसभर करतो काय?
पाणी ओततो.
पाणी? म्हणाली,
आणि पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गावातली बाई
जशी बघेल तशी माझ्याकडे बघत राहिली.

मार्चमधला शनिवार, सव्वाअकरा.
सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझ्या ओठांवर नाव,
आणि लाईट गेली.

आधी पलीकडचे आठ, मग समोरचे,
मग कोपऱ्यावरच्या चादरवाल्यांचे.
दोन घरं सोडून कुणीतरी शेंगांची चटणी कुटत होतं
ते ऐकू आलं. पत्र्यावर चिमणीची नखं.
कुणाचं तरी चोंदलेलं नाक.
वहीत होती तीच ही शांतता, अगदी तीच,
आणि पोरांना ती मुळीच आवडली नाही.

मणिकंठ उठला.
भिंतीपाशी गेला, दोन्ही तळवे टेकले.
"मग्गम," म्हणाला.
खालचा ओठ हलायला लागला.
"मग्गम आगिंदि."

एवढं तेलुगू मला येतं.
माग थांबला.
माग थांबला की नान्ना भरदिवसा उंबऱ्यावर बसत असतील,
आई विड्या आणखी भरभर वळत असेल;
हे मी आपलं धरून चालले, त्यानं सांगितलं नाही.

मुलाच्या कामात मध्ये पडू नये, वही म्हणते.
हे काम होतं का?
मला सुचेना, म्हणून मीही भिंतीला हात लावला.
मग अफान. मग सृष्टी. मग सगळीच,
एकवीस पोरं, आणि महादेवीमावशी ओला हात पदराला पुसून,
अंगात ताप आहे का बघतात तशी.
भिंत कोमट होती.

किती वेळ, घड्याळ बघितलं नाही.
आधी तळव्याला कळलं, बारीक मुंग्या आल्यासारखं,
कानाला नंतर.
खटक.
खटाक.
त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं
आणि चटई ओढून जग घेतला.

संध्याकाळी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं:
म. चिलवेरी आज पहिल्यांदा बोलला. मराठीत नाही.
खाली लिहिलं, पाणी सांडलं नाही.
मग ते खोडलं.
थोडं सांडलं होतं.
पुसलं त्यानंच.